अरुणाच्या खिशातला फ्यूज

मे महिन्यातलं गुडगाव म्हणजे काय चीज आहे, हे तिथं काचेच्या इमारती उठवणाऱ्यांना कधी कळलंच नाही. नव्वदचं दशक सरत आलेलं, जो तो परदेशी कंपनी गाठायच्या मागे. चारी बाजूंनी काच लावायची, एक खिडकी उघडेल तर शपथ! आणि एसी बंद पडला की शंख मात्र अरुणाच्या नावानं.

अरुणा तिथली मेंटेनन्स इंजिनियर. एसीच्या यंत्रांच्या प्लँटरूममध्ये बाई काय करणार, असं सगळे म्हणत असताना जयंतकाकांनी तिला चिकटवलं होतं. काका दिल्लीतल्या आर. के. पुरमचे जुने शेजारी, आता या इमारतीचे मॅनेजर. घरी काका, इथं सर.

त्या दुपारी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरची एक मोटर जळाली. एसीचं तापलेलं पाणी गार करणारे दोन भलेमोठे पंखे एकाच खोक्यात बसवलेले. फरीदाबादचा फिटर ओमवीर मोटर बदलायला आत उतरला, तसा अरुणानं दोन्ही पंख्यांचा फ्यूज काढून खिशात घातला. माणूस आत असेपर्यंत फ्यूज खिशात, ही तिची रीत.

एवढ्यात काका धापा टाकत वर आले. "अगं, अमेरिकन पार्टी जागा बघायला आलीय, घामानं निथळतायत! दुसरा पंखा तरी सुरू कर!"

"सर, दोन पंख्यांच्या मध्ये भिंत नाही. बिल्डरनं पैसे वाचवले. एक पंखा फिरला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा उलटा फिरतो, आणि ओमवीर त्याच्याच पात्यांखाली आहे."

"मग बाहेर ये म्हणावं त्याला."

"जळकी काढून नवी बसवतोय, बोल्ट अजून लागायचेत. मोटर त्यानं खांद्यावर तोलून धरलीय. सोडली तर त्याच्याच अंगावर येईल. अर्धा तास थांबा."

"हा सौदा फिसकटला तर तू घरी बसशील, समजलं? काही होत नाही त्याला. फ्यूज दे."

"नाही देत."

"स्टोअरमध्ये दुसरा आहे!" म्हणत काका ताडताड जिना उतरले.

नोकरी गेली तर घरचे म्हणणारच, बघ, सांगितलं होतं. म्हणू देत! तिनं बूट काढून टॉवरच्या दाराशी ठेवले, आत शिरली आणि मोटरीखाली आपलाही खांदा लावला.

"मॅडमजी, आप क्यों आ गयीं?" ओमवीर कळवळला.

"बोल्ट कसो, भैया."

काका परतले, फ्यूज बसवला, बटणावर हात नेला आणि दाराशी तिचे बूट दिसले. "अरुणा! बाहेर ये आधी! कुणी आणलं तुला इथं, विसरलीस?"

"तुम्हीच आणलंत, काका. दाबा ना बटण. काही होत नाही म्हणालात ना? मग मलाही होणार नाही."

काकांनी हात मागे घेतला. मग त्यांनी फ्यूज ओढून काढला आणि तिथंच गच्चीवर बसकण मारली. खाली अमेरिकन घामाघूम होत राहिले.

शेवटचा बोल्ट बसला. आधी ओमवीर बाहेर आला, मग अरुणा. तिनं खिशातला फ्यूज लावला आणि दोन्ही पंखे घुमू लागले.

"आपलं माणूस म्हणून तुला आणलं होतं," काका पुटपुटले. "उद्यापासून येऊ नकोस."

"आपलं माणूस आत होतं, काका," ती बूट घालत म्हणाली. "आणि उद्या मी येणार. ती भिंत उभी राहीपर्यंत रोज येणार."