चष्मा घरी ठेवून जा

सकाळी सातलाच सभागृहाबाहेर ही रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाचा एक तरी डोळा ऑपरेशन झालेला. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं तरी नजर पुरती न जुळलेले हे लोक. अशांच्या डोळ्यात डॉक्टर कधी कधी पहिल्या भिंगापुढे आणखी एक पातळ भिंग बसवतात. ते किती नंबरचं लागणार हे नजरबाबा म्हणे भुवईवर नुसता अंगठा टेकून सांगतात. आणि मग डॉक्टरच्या कागदावरही तोच आकडा! लोक पाया पडणार नाहीत तर काय करतील?

शिवणकाम करणारी वहिनी नणंदेच्या हट्टापायी आली होती. नवरा जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. शिवण नीट दिसत नव्हती, गिऱ्हाइकं दुसरीकडे चालली होती, तरी ती नुसती बसून असायची. परवा तिच्या त्याच डोळ्याचं दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं.

दाराशी सेवेकऱ्याने तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून ताटात ठेवला. "बाबांसमोर काचेचा आडपडदा नको," म्हणत तो ताट घेऊन पडद्याआड गेला. थोड्या वेळाने ताट बाबांच्या पायाशी ठेवून तो वाकला, चांगला बाबांच्या कानापर्यंत.

"तीन," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पण माई, आतला दिवा विझलाय, बाहेर काचा लावून काय उपयोग? हे तेल एकवीस दिवस डोळ्यात घाल. ऑपरेशनचं नाव काढू नकोस."

नणंदेने बाटली दोन्ही हातांनी घेतली.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला. "भिंग दीड नंबरचं लागेल."

"बाबांनी तीन सांगितलंय," नणंद म्हणाली. "त्यांचं चुकत नाही."

"तिथे चष्मा काढून घेतात का हो?"

वहिनीने मान हलवली. बाईंनी तिचा चष्मा घेतला, कागदावर फुली काढली आणि त्यावर चष्मा हलवला. फुली उलट्या बाजूला सरकली. मग पेटीतली एकेक काच त्यावर धरत गेल्या. एका काचेशी फुली जागच्या जागी थांबली.

"हा चष्मा दोन नंबरचा. तुमचा नंबर तर एक आहे. अशा नंबराला आतलं भिंग साधारण दीडपट लागतं. पडद्याआड चष्मा मोजायचा आणि दीडपट करायची, दोनाचे तीन. आमचंही पहिलं गणित थोडं चुकलंच, म्हणून तर हे दुसरं भिंग. पण आम्ही मोजून सांगतो, आणि चुकलं तर पुन्हा मोजतो. हातातलं ते बाबांचं तेल मात्र घालू नका, डोळा जाईल."

वहिनी चष्म्याच्या काडीवर गुंडाळलेला दोरा चाचपत होती. तो तिनेच गुंडाळला होता. तिने आणि नवऱ्याने एकाच दिवशी सारख्या फ्रेमा घेतल्या होत्या. सकाळी खणातून चुकीचा उचलला गेला, आणि सगळंच धूसर दिसत असल्याने तिला कळलंही नाही.

"हा ह्यांचा आहे," ती म्हणाली.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला राग आला. बाटली तिने नणंदेच्या हातातून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सातला ती पुन्हा रांगेपाशी उभी होती. "बाबांकडे खुशाल जा," ती एकेकाला सांगत होती, "फक्त चष्मा घरी ठेवून जा, आणि मग आकडा विचारा. मी काल माझ्या नवऱ्याचा घालून आले होते. ते वारलेत. बाबांनी त्यांच्या डोळ्याला भिंग सांगितलं."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला. त्याच्या मागच्या बाईनेही काढला.