देवमाशाची झालर

“उलटी लावलीय! सगळीच्या सगळी झालर उलटी लावलीय!”

हाडवाले काका शिडीवरून ओरडले. संग्रहालयाच्या संचालकबाई दचकल्या. उद्घाटन तासाभरावर आलं होतं.

किनाऱ्याला लागलेल्या या देवमाशाचं एकेक हाड काकांनी एकतीस वर्षं जपलं होतं. वरच्या जबड्यातून झालरीसारख्या लोंबणाऱ्या, केसाळ कडांच्या पट्ट्या स्वतः ब्रशनं धुतल्या होत्या. तापानं दोन दिवस घरी काय पडले, सजावटवाल्यानं तेवढ्यात घोळ घातला!

“अहो बाई, हे केस आतल्या अंगाला असतात. तो तोंडभर पाणी घेतो आणि जिभेनं बाहेर ढकलतो. पाणी पट्ट्यांमधून निघून जातं, बारीक झिंगे केसांत अडकून आत राहतात. असं लावलं तर बिचारा उपाशी मरेल!”

“काका, तो मेलेलाच आहे,” सजावटवाला हसला. “केस बाहेरून मस्त दिसतात. लोक फोटो काढतील.”

काकांचं डोकंच फिरलं. “अरे, हा काय लग्नाचा मांडव आहे?”

“एवढं कोण बघत बसतंय?” बाई म्हणाल्या. “आणि फलकावर तुमचं नाव घातलंय ना आम्ही? ‘मांडणी’ म्हणून. आता हसा बघू.”

नाव होतं खरं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. ते बघायला या म्हणून काकांनी बायकोला सकाळीच बजावलं होतं. त्यांनी फलकावरच्या नावाकडे एकदा पाहिलं.

“मग ते काढा.”

“असं रुसू नका हो.”

“रुसतोय कोण? खोट्या कामाला माझं नाव नको, बस्स!”

काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, नावाची पट्टी स्वतःच्या हातानं सोडवली आणि खिशात टाकली.

पाहुणे आले, फीत कापली, भाषण सुरू झालं. काकू ठेवणीतली साडी नेसून फलकाशी उभ्या. पुन्हा पुन्हा वाचून झालं.

“अहो, तुमचं नाव कुठंय?”

“नाहीये,” काका पुटपुटले.

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी मान वर करून देवमाशाच्या तोंडाकडे पाहिलं. रोज रात्री जेवताना नवऱ्याकडून याच तोंडाचं वर्णन त्यांनी ऐकलं होतं, कधी कंटाळून, कधी हूं हूं करत.

“अगंबाई!” त्या एकदम म्हणाल्या. “हे केस बाहेर कसे? हा खाणार कसा?”

भाषण थांबलं. सगळ्या माना वळल्या.

“हळू बोल,” काका म्हणाले. पण त्यांनी भर गर्दीत बायकोचा हात धरला होता.