झाकणवाली

मित्रांनो, मी एक म्हातारी गाय आहे आणि माझ्या डाव्या कुशीला एक रबरी झाकण आहे. दचकू नका, ते दुखत नाही. चाऱ्यावर संशोधन करणाऱ्या केंद्राच्या शेवटच्या गोठ्यात मी राहते. इथे मला सगळे 'झाकणवाली' म्हणतात.

मी कालवड असताना मला कळपातून वेगळे काढले. केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी भूल देऊन माझ्या पोटाला ही झाकणाची खिडकी केली. तिच्यातून चाऱ्याच्या छोट्या पिशव्या आत ठेवायच्या आणि किती चारा पचला ते नंतर काढून बघायचे, असे ते काम होते. माझ्या खाण्यात दुसरे काही मिसळू नये म्हणून मला एकटीलाच बांधत. पलीकडच्या गोठ्यात गाई वासरांना चाटत. मला ते नुसते ऐकू येई.

एका उन्हाळ्यात एक बाई दोन झाडांचा पाला घेऊन आली. तिचे गवत वाळून गेले होते. ही झाडे मात्र कुंपणाला हिरवीगार होती. पाला गाईला घालावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हते.

"एकुलती एक गाय आहे हो," ती म्हणाली. "तिला काही झालं तर घरात दुसरं काही नाही."

म्हणून तो पाला आधी मी खाल्ला. पहिल्या पाल्याने माझे पाय लटपटू लागले. मी खाली बसले ती मला उठताच येईना. डॉक्टरबाईंनी खिडकीतून कोपरापर्यंत हात घालून सगळा पाला मुठीमुठीने बाहेर काढला. "थांब गं, झालंच," असे त्या म्हणत राहिल्या.

मी वाचले. दुसरा पाला मात्र छान पचला. त्याच्या फांद्या गावोगाव लहान शेतकऱ्यांना लावायला वाटल्या. लोक मला पाहायला आले, माझे फोटो निघाले.

पुढे काम संपले. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्या मानेवर कपाळ टेकले आणि मागे न बघता त्या गेल्या. हिचे आता काय करायचे, असे नव्या साहेबांनी विचारले.

"राहू द्या साहेब," गोठ्यातले काका म्हणाले. "खाऊन खाऊन किती खाईल?"

मला राहू दिले. पण राहू देणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे. काकांची बदली झाली. आता हौदात शेवाळ आहे, झाकणाचे रबर चिरले आहे आणि त्यावर माश्या बसतात.

परवा रस्त्याने एक शेतकरी त्याच दुसऱ्या पाल्याचा भारा घेऊन चालला होता. वास ओळखून मी हंबरले. त्याच्यामागून दोरीने येणारे वासरू कुंपणाशी थबकले, आमची नाके क्षणभर जुळली. शेतकऱ्याने दोरी ओढली, वासरू गेले. त्याला घाई होती, आणि मी कोण हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मित्रांनो, कुठे एकटे जनावर बांधलेले दिसले, तर जरा थांबा. पाणी आहे का बघा. आणि शिंगांच्या मधे थोडे खाजवा. तिथे आमची जीभ पोचत नाही.