पाण्यापाशी हाक मारू नये

आई आली ती दोन बॅगा आणि महिनाभराचे नियम घेऊन. बॅगेतला मांसाचा कीस शिकागोच्या विमानतळावर जप्त झाला, नियमांना मात्र कुणी हात लावला नाही.

"उद्यापासून आपला सातवा महिना, भुतांचा," तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात बूट काढता काढता तिने सुरुवात केली. "खालचं दार उघडतं. रात्री कपडे वाळत टाकायचे नाहीत, ते येऊन घालतात. शीळ वाजवायची नाही. मागून कुणी खांद्यावर थाप मारली तर वळायचं नाही. पाण्यापाशी कुणाला नावाने हाक मारायची नाही, त्यांना नाव कळतं आणि मग ते पाठ सोडत नाहीत. आणि पाण्यात..." ती मुलीकडे बघून थांबली. "ते तुला सांगायला नको."

"नको," मिन-शुआन म्हणाली. तिच्या केसांना अजून तळ्याचा वास येत होता.

"मावशी, तैवानची भुतं इथवर येणार कशी?" चिया-यिनने विचारलं. ही घरातली दुसरी भाडेकरू, काओशुंगची, बंदरावर वाढलेली. तिला कशाची भीती नाही आणि जिभेला हाड नाही. "व्हिसा नको त्यांना?"

"तुम्हा दोघींना मिळाला, मग त्यांना मिळायला काय धाड भरलीय?"

सगळ्या हसल्या. हसता हसता मिन-शुआनने केस घट्ट बांधून टाकले. जूनपासून ती पोहायला शिकत होती, आणि जगात एका माणसाला हे कळता कामा नये असं असेल, तर ते माणूस आत्ता तिच्याच पलंगावर बसून मोजे काढत होतं.

तिचा मोठा भाऊ आ-खाय सतरा वर्षांचा असताना सुट्टीत मित्रांबरोबर ओढ्यावर गेला आणि बुडाला. तेव्हाही सातवाच महिना होता. तेरा वर्षांची मिन-शुआन काठावर त्याचे बूट सांभाळत उभी होती. नंतर शेजारच्या बायका समाचाराला आल्या. त्यातल्या एकीने उसासा टाकून सांगितलं, की बुडालेला जीव पाण्यातच अडकतो, आपल्या जागी दुसऱ्या कुणाला ओढल्याशिवाय त्याची सुटका नाही; मिळेल हो तुमच्या मुलालाही कुणीतरी. आईने हातातला गरम चहा तिच्या अंगावर फेकला. "माझा मुलगा कुणाच्या लेकराला ओढणार नाही," एवढंच बोलली, आणि त्या दिवसापासून आ-खायचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. घरातला टब पुन्हा कधी भरला गेला नाही. मुलगी अमेरिकेला निघाली तेव्हा तिला भावाच्या फोटोपुढे उभी करून आईने वदवून घेतलं, की मी पाण्यात पाय घालणार नाही.

एक पोर पाण्याने नेलं. दुसरीने फोटोसमोर दिलेला शब्द मोडला हे कळलं तर ही बाई पुन्हा उभी राहायची नाही, हे मिन-शुआनला पक्कं माहीत होतं. तरीही ती पाण्यात उतरली. याला कुणी कृतघ्नपणा म्हणेल. म्हणू दे. नऊ वर्षं काठावर बूट सांभाळत उभं राहायची पाळी ज्याच्यावर आलेली नाही, त्याने जरा जपून बोलावं.

उन्हाळ्यात विद्यापीठ ओस पडतं. सकाळी प्रयोगशाळेत दोन-चार तास काढले की दुपार मोकळी, आणि मोकळ्या दुपारी सगळी मंडळी तळ्यावर. नावाला तळं, पलीकडचा काठ काही दिसत नाही. 'पॉइंट' म्हणून जमिनीचं एक टोक पाण्यात घुसलंय, त्याला चुनखडीच्या मोठमोठ्या दगडांच्या पायऱ्या. तिथे बसून गार चहा प्यायचा, कुणाच्या तरी शेगडीवर सॉसेज भाजायचे, मग धपाधप उड्या. मिन-शुआन वरच्या पायरीवर सगळ्यांच्या पिशव्या राखत बसायची. एकदा एका शेंबड्या पोरीने आपल्या दंडातले हवेचे फुगे काढून तिच्यापुढे धरले आणि म्हणाली, "घे, मला आता लागत नाहीत." दुसऱ्याच दिवशी मिन-शुआन चिया-यिनबरोबर महापालिकेच्या फुकट जलतरण तलावावर गेली आणि दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून पाण्यात तोंड बुडवायला शिकली.

आई येईपर्यंत तिची मजल तळ्यापर्यंत गेली होती. पायऱ्यांपासून बऱ्याच अंतरावर पाण्यात एक पांढरी तरंगती खूण होती. तिला हात लावून परत यायचं, आणि मग आईला सांगायचं, की मी जाऊन आले आणि परत आले, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आधी सांगण्यात अर्थ नव्हता. आईला 'जाते' हा शब्द चालणारच नव्हता. चालला तर 'आले' हाच चालला असता.

पण आई घरात आणि पाणी अंगावर, हे जमवायचं कसं? "वाचनालयात जाते," असं सांगून ती निघायची आणि परतताना व्यायामशाळेत अंघोळ करून यायची.

"वाचनालयात अंघोळीची सोय असते?" आई कांद्याची पात चिरता चिरता विचारायची.

"व्यायाम करून आले."

"बरं. व्यायामाने भूक लागते. खा."

आई रोज वाळवलेला मुळा घालून आम्लेट करायची. ती ताइचुंगमध्ये न्याहारीचं दुकान चालवायची. कणकेचा गोळा हातात न घेता त्याचं वजन सांगायची. असल्या बाईपुढे थापा मारायच्या म्हणजे आगीशी खेळ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मिन-शुआनचं झालं. आईने "आज ऊन आहे" म्हटलं तरी तिला त्यात टोमणा ऐकू यायचा.

महिन्याच्या मध्यावर आईने नैवेद्य मांडला. घरात उदबत्त्या पेटवल्याबरोबर धुराची घंटा अशी कोकलली की खालचा म्हातारा जिना चढून वर आला. मग सगळं मागच्या लाकडी सज्जात हलवलं: बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, फळं, आणि त्या बिनघरच्या जिवांना तोंड धुवायला पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल. शेवटी पिशवीतून आईने सफरचंदाच्या सोड्याची एक बाटली काढून जरा बाजूला ठेवली. तसला सोडा घरात एकच माणूस प्यायचा, सतरा वर्षांचा होईपर्यंत.

आणि नेमका त्याच सज्जाच्या कोपऱ्यात, उजाडल्यावर आईला दोरीवर स्विमसूट दिसला. चिया-यिन मोठी धीट. रात्री कपडे वाळत टाकायचे नाहीत हा नियम तिने मिन-शुआनच्या स्विमसूटवरच मोडला होता.

आईने तो दोन बोटांत धरून आत आणला. "हे कुणाचं?"

मिन-शुआनने आम्लेटचा आणखी एक तुकडा तोंडात कोंबला.

"माझं, मावशी," चिया-यिन म्हणाली.

आईने चिया-यिनकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चिया-यिन चांगली भरलेली. त्या कपड्यात तिची एक मांडी मावली असती तर देवाची कृपा. "असं होय," आई म्हणाली. तिने तो नीट घडी करून चिया-यिनच्या पलंगावर ठेवला आणि पुन्हा शेगडीपाशी गेली. त्यानंतर दिवसभर तिने घरातली एकूण एक भांडी घासून काढली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मिन-शुआनला वाटत राहिलं.

रविवारी वारा सुटला होता. पुढच्या आठवड्यापासून प्रयोगशाळेचं काम दिवसभराचं होणार होतं, पाणीही गार होत चाललं होतं. आज नाही तर या वर्षी नाही.

"वाचनालयात जाते," ती म्हणाली.

"जा." आईने डबा पुढे केला. "माझे गुडघे दुखतायत, मी पडते जरा."

डबा चांगला जड होता. दोघींना पुरेल एवढा.

पॉइंटवर नेहमीची गर्दी नव्हती. चिया-यिनच्या कानात पू झाला होता, डॉक्टरने तिला पाणी वर्ज्य केलं होतं. ती दोरीला बांधलेली नारिंगी तरंगती पिशवी घेऊन पायरीवर बसली. "लाटा आहेत गं," ती म्हणाली. "मला नाही आवडलं हे. उद्या बघू."

"उद्या वेळ नाही."

"मग निदान अर्ध्यातून वळ. खुणेला काय हळद-कुंकू वाहायचंय?"

मिन-शुआन उतरली. पहिल्या गारव्याने श्वास अडकला, मग हातपाय आपापल्या कामाला लागले. एक श्वास, तीन हात. लाट आली की खाली, गेली की वर. खूण जवळ येत गेली आणि एकदाचा तिचा तळवा त्या बुळबुळीत पांढऱ्या गोळ्यावर टेकला. तिला इतका आनंद झाला की ती पाण्यातच मोठ्याने हसली. तेवढ्यात पुढची लाट तोंडात शिरली.

ठसका लागला. वळताना उजव्या पोटरीत गोळा आला आणि पाय दगडासारखा झाला. दगडांवर आपटून उलटणाऱ्या लाटा आणि मागून येणाऱ्या लाटा मधे एकमेकींना भिडत होत्या. श्वास घ्यायला जावं तिथे पाणी. आता तिने ती चूक केली जी बुडणारा प्रत्येक माणूस करतो. ती पाण्याशी भांडायला लागली. भांडता भांडता तिला शेजारणीचा उसासा आठवला. मिळेल हो तुमच्या मुलालाही कुणीतरी. पायाला काहीतरी चाटून गेलं. शेवाळ असेल. असेलच. पण तिची पाचावर धारण बसली.

लाटेने वर उचललं तेव्हा तिला काठ दिसला. चिया-यिन उभी राहून दोरी फेकत होती आणि पिशवी अर्ध्या वाटेवर पडत होती. तिच्या मागून, दगडांच्या पायऱ्या बसत-सरकत एक जांभळी छत्री खाली येत होती. ती छत्री तिने ताइचुंगच्या बाजारात हजारदा पाहिली होती.

आई. बुडण्याहून ते वाईट होतं. पुन्हा एकदा ही बाई काठावर, आणि पुन्हा पाण्यात तिचंच पोर.

"मिन-शुआन!" चिया-यिन किंचाळली. "मिन-शु—"

पुढची लाट ओसरली तेव्हा दिसलं: आईने छत्री टाकून दिली होती आणि चिया-यिनच्या तोंडावर हात दाबून धरला होता. पाण्यापाशी नाव घ्यायचं नाही. पोर डोळ्यांदेखत जातेय, आणि हिला हाकही मारता येत नाही. आईचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आ-खाय!"

नऊ वर्षांत न ऐकलेलं ते नाव पाण्यावरून आलं. भर बाजारात चुकलेल्या पोराला हाक मारावी तसं, चिडून, घसा फाडून.

"आ-खाय! ही आपली आहे! बहीण आहे तुझी! ढकल तिला इकडे! ऐकतोयस ना? आ-खाय!"

मिन-शुआनचे हात थांबले. भांडायचं कुणाशी? तिने मान मागे टाकली, छाती वर काढली, कान पाण्यात बुडू दिले, जूनमध्ये पोरांच्या रांगेत शिकली होती अगदी तसं. कान पाण्याखाली जाताच सगळे आवाज बंद झाले आणि ती तरंगली. वारा काठाकडेच वाहत होता. एकेक लाट तिच्या पाठीखाली शिरायची आणि तिला थोडं पुढे ठेवून जायची. वाऱ्याचं काम म्हणा, आणखी कुणाचं म्हणा. तिने त्या दिवसापासून आजवर त्याचा उलगडा करायचा प्रयत्न केलेला नाही. नारिंगी पिशवी हाताला लागली, मग चिया-यिनचा हात, मग बुळबुळीत दगड.

आई खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने मुलीला दंडाला धरून वर ओढलं आणि पाठीत असा धपाटा घातला की पोटात उरलेलं तळं बाहेर आलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून तिने टॉवेल काढला. न्हाणीघरातला मोठा टॉवेल, घरून घडी करून आणलेला.

मिन-शुआन त्या टॉवेलकडे बघत राहिली. "तुला कधी कळलं?"

"विमानतळावर. तुझ्या केसांना वास येत होता." आई तिचं डोकं खसाखसा पुसत होती. "मी बोलले असते तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग? कशाला तोंडाची वाफ दवडू?"

"मी त्याच्यासमोर शब्द दिला होता," मिन-शुआन म्हणाली आणि रडायला लागली. "मी खोटं बोलले, आई."

"बोललीस. त्याचा हिशेब घरी." आईने नाक ओढलं. चिया-यिन जरा लांब, डबा मांडीवर घेऊन बसली होती. आईने डबा उघडला, तिघींना आम्लेटचे तुकडे दिले, आणि चौथा तुकडा ओल्या दगडावर, पाण्याच्या बाजूला ठेवला. मग पिशवीतून सोड्याची बाटली काढून त्याच्या शेजारी उभी केली. वाऱ्याने ती पडेल म्हणून हाताने धरून बसली.

बाटली धरूनच तिने विचारलं, "पुन्हा कधी जायचंय?"

"कुठे?"

"पाण्यात."

मिन-शुआनने टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. "तू इथे असेपर्यंत नाही जाणार."

"मी आहे तोवरच जा," आई म्हणाली. तिची नजर पाण्यावर होती. "मी इथे बसेन. ही आपली आहे, हे त्याला सांगायला कुणीतरी हवं."