बाळंतपणाचं तूप

माझी सायली जन्मली तेव्हा माझ्या सासूनं, भागाबाईनं, तुपाच्या डब्याला कुलूप लावलं होतं. "पोरगी झाली न, मग तूप कशाला?" म्हणे. ओल्या बाळंतिणीला कोरडी भाकर! अंगावर दूध येईना, लेकरू रडून रडून निळं पडायचं. तेव्हाच ठरवलं, म्हातारे, एक दिवस याचं उट्टं काढीन.

तो दिवस देवानं बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात दाखवला. सासूच्या गळ्यातल्या गाठी काढल्या आणि मानेला लावलेल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी गळायला लागलं. थांबेचना. डॉक्टर म्हणाले, "जेवणातलं तूप-तेल वाहून नेणारी बारीक नस असते, तिला धक्का लागलाय. तेल, तूप, दूध एकदम बंद ठेवा. बहुतेक आपोआप भरून येईल."

"एकदम बंद ना? थेंबभरही नाही?" मी दोनदा विचारलं. मला हसू आवरेना.

मग काय! कोरडी भाकर, नुसत्या पाण्यात शिजवलेली डाळ, वर एखादं केळं. शेजारच्या खाटेवर कुणी मावा जिलेबी उघडली की मी मुद्दाम पडदा बाजूला सारायची. बघू दे तिला.

"निशा, फोडणी तरी दे गं," ती रडवेली व्हायची.

"डॉक्टर मना करतात, आत्याबाई," मी गोड आवाजात सांगायची.

पण झालं भलतंच. नळीतलं पाणी निवळलं. म्हातारी येईल-जाईल त्याला सांगू लागली, "सुनेनं वाचवलं मला." घ्या! माझा सूडसुद्धा हिनं सेवेत जमा केला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आज डॉक्टर म्हणाले, "आता तूप खाऊ घालून बघा. तरी पाणी पांढरं झालं नाही, तर उद्या नळी काढू."

मी दराबा करून आणला. रवा, साखर आणि हात दुखेपर्यंत फेटलेलं तूप. वाटी पुढे केली तर भागाबाईनं तोंड फिरवलं.

"आधी तू खा."

म्हणजे माझ्यावर संशय! "बरं," म्हटलं, आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. एक घास खाल्ला. मग दुसरा. तिनं हात पुढे केला. मी तिसरा घेतला. शेवटी बोटानं वाटी पुसून चाटली.

"अन् मला?"

"ही वाटी सायलीच्या वेळची होती, आत्याबाई. माझी राहिली होती."

तिचा हात खाली गेला. डोळे भरले तिचे. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

"मग नळी?" तिनं हळूच विचारलं.

"राहू द्या अजून एक दिवस. माझी पोरगी महिनाभर रडली."