टोपलीतली आई

मी एक जुनी वेताची टोपली आहे, मित्रांनो. टाकलेले कागद पोटात घेणं हे माझं काम.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने विणलं. तिसऱ्या फेरीत एक काडी तिरकी गेली. शेजारचा म्हणाला, "आजोबा, उसवा ती."

"आधी काठ गाठू दे. चुका मग बघू. अर्ध्यावर उसवलेली टोपली कुणाच्या कामाची?"

ती तिरकी काडी अजून माझ्या अंगात आहे, आणि देवाच्या दयेने मीही अजून धड आहे.

पुढे मी ताईंच्या टेबलाखाली आले. त्यांची आई वारली तेव्हा घरात ताई एकट्याच होत्या. त्या सकाळी काय झालं, हे परगावच्या धाकट्या बहिणीला जाणून घ्यायचं होतं. ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. "लिहून पाठवते," म्हणाल्या.

रोज दुपारी त्या लिहीत, 'आई दारात थांबली आणि म्हणाली...' पुढे आईला शोभेल असं काही थोर घालत. ते खोटं वाटलं की पान चुरगाळून माझ्यात. मला रिकामं करायचा मात्र त्यांना धीर होईना. वर्षभरात माझ्या पोटात कितीतरी आया दारात ताटकळत उभ्या राहिल्या. वारा नसताना कागद हलू लागले. आधी श्वास ऐकू आला, मग एकच शब्द. "पुढे?"

एकदा धाकटी आली. चहा पिताना तिचा हात थांबला.

"ताई, टेबलाखाली कोण बोलतंय?"

"टोपली आहे ती."

"टोपली आईच्या आवाजात बोलते?"

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तुलाही ऐकू येतं."

"खरंच काय म्हणाली होती गं ती?"

"सांगण्यासारखं काही नाही. 'दूध झाकून ठेव, मांजर टपलंय.' एवढंच. आणि मी मान वर करून बघितलंही नाही."

धाकटी हसली, अन् हसता हसता रडली. "अगं, हीच तर आपली आई. हेच लिही. वेडंवाकडं होऊ दे, पण मध्ये थांबू नकोस."

त्या दिवशी ताईंनी एकही पान टाकलं नाही. शेवटचा पूर्णविराम पडला आणि दारातून गार झुळूक आत आली. स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. दोघी बहिणी तर टेबलाशीच होत्या. माझ्यातले कागद मात्र निमूट झाले.

आता माझा वेत ठिसूळ झालाय. मित्रांनो, लिहायला बसाल तेव्हा जे घडलं ते साधंच लिहा, आणि आधी काठ गाठा. पान चुरगाळण्याआधी जरा कान द्या. दारात कुणी उभं असेल, तर त्याला आत येऊ द्या.