लाँड्रीतलं लाल पाणी

लाँड्रीच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. काल इस्त्रीच्या खोलीला आग लागून गिऱ्हाइकांचे कपडे जळाले होते. पोलिसांचा तपास चालू होता, पण त्याला वेळ लागतो. मालकाने मठातून बोलावलेले महाराज मात्र पेलाभर पाण्यात गुन्हेगार काढून देणार होते.

"पाप्याचा हात बुडाला की पाण्याचं रक्त होतं!" महाराज गरजले आणि आपल्या घड्यातलं पाणी पेल्यांत ओतू लागले.

इस्त्रीवाल्यांनी एकेक करून बोटं बुडवली. पाणी जसंच्या तसं. मग धुलाईवाल्याला पुढे ढकललं. त्याला कानात आवाज ऐकू येतात, त्यावर तो नेमाने गोळ्या घेतो, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे न्यायनिवाडा मनातल्या मनात आधीच उरकला होता. त्याने बोटं बुडवली आणि पाणी लालबुंद झालं.

"वाटलंच मला! वेड्याचा काय भरवसा?" मालक ओरडला.

"माझ्या मठात साखळीला बांधू. वर्षभरात सुधारेल," महाराजांनी सोयही सांगून टाकली.

दोर आणून त्याचे हात बांधलेसुद्धा. एवढ्यात त्याची थोरली बहीण गर्दीतून वाट काढत आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने कपडे भिजवायच्या, धुण्याच्या सोड्याच्या टाकीत हात बुचकळला आणि पुढच्या पेल्यात घातला. पाणी लाल!

"आता मलाही बांधा. काल दिवसभर शाळेत होते, तरी आग मीच लावली म्हणा! अहो, पाण्यात प्रयोगशाळेतलं रसायन आहे. सोडा लागला की ते लाल होतं, आणि याचे हात दिवसभर सोड्यातच असतात. याच्या हातात इस्त्री नको म्हणून तुम्हीच याला टाकीवर ठेवलंत ना? त्या खोलीत पाऊलही टाकू देत नाही. मग हा आग लावायला गेला कधी? महाराज, टाकीत हात घालून तुम्हीही दाखवा बघू."

इतका वेळ गरजणाऱ्या महाराजांना एकाएकी आपलं मौनव्रत आठवलं. घडा उचलून ते चालते झाले.

"तरी पण बाई," मालक पुटपुटला, "वेडा तो वेडाच. आज ना उद्या..."

"अशा आजाराची बहुतेक माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. उलट मार तीच खातात," बहीण दोर सोडवत म्हणाली.

भाऊ मनगटं चोळत होता. "मालक, माझ्या कानातला आवाजही असंच सांगतो. हा चोर, तो वैरी. डॉक्टरांनी शिकवलंय, आधी विचारायचं, पुरावा काय? मी रोज विचारतो. तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

मालकाने दोर गुंडाळून बाजूला टाकला. एवढी शहाणी माणसं जमली होती, आणि हा साधा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही सुचला नव्हता. लोकहो, आगीचं कारण जळलेल्या खोलीत शोधा, कुणाच्या आजारात नाही.